विहिरीचं पाणी खारटच आहे, तर त्यातच घरी समुद्री मासे अन् प्रवाळ ठेवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दर्यापूरकडे खारपाण पट्ट्यात राहता, विहिरीचं पाणी तसंही पिण्याच्या कामाचं नाही, तर त्याच पाण्यात क्लाउनफिश अन् प्रवाळ ठेवून मिठाचा खर्च वाचेल का, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते जगतील का?

भाऊ, पहिल्याचं उत्तर नाही असं आहे, दुसऱ्याचं हो. मी वरुड तालुक्यात संत्र्याची बाग करतो. २०१९ च्या दिवाळीनंतर घरच्या मधल्या खोलीत १२० लिटरची समुद्री टाकी लावली, ती आजही चालू आहे. मध्ये एकदा निम्मी मेली, ते पुढे सांगतो.

आधी पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी आपल्या जिभेला कितीही खारट लागो, समुद्रापुढे ते काहीच नाही. टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं) बुडवून पाहा, आकडा काही हजारांत येईल. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे त्याच हिशोबाने ३५ हजार. आणि नुसता खारटपणा पुरत नाही. समुद्राच्या त्या ३५ ग्रॅममध्ये मॅग्नेशियम जवळपास १.३ ग्रॅम, कॅल्शियम ०.४ ग्रॅम असं ठरलेलं प्रमाण आहे, आणि प्रवाळ त्या कॅल्शियमवरच आपलं हाड बांधतं. खारपाणाच्या विहिरीत सोडियम भरपूर, बाकीचा मेळ वेगळा, वरून शेतातून झिरपलेलं नायट्रेट. लोणारचं सरोवर तर तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. तेही खारं, पण त्याचा सामू दहाच्या आसपास आणि समुद्राचा सव्वाआठच्या आत. त्यात समुद्री मासा जगणार नाही. घरच्या मिठाचाही विचार करू नका, त्यात सोडियम क्लोराइड अन् आयोडीन याशिवाय कामाचं काही नसतं. कोकणातून कॅन भरून पाणी आणायचं असंही मला एकाने सुचवलं होतं. किनाऱ्याजवळच्या गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यासाठी सातशे किलोमीटर हेलपाटे घालण्यात अर्थ नाही.

म्हणजे रस्ता एकच. आधी पाण्यातलं सगळं काढून ते कोरं करायचं, मग त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारं तयार मीठ मोजून घालायचं. कोरं करायला आरओ आणि त्यापुढे डीआय राळेची, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणारी, नळी लागते. मीटरवर शून्य यायला हवं. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालत नाही, त्यात चवीसाठी क्षार ठेवलेले असतात. मीठ लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम पडतं. घनता रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर पाण्यावरून खारटपणा दाखवणारं भिंगाचं यंत्र) १.०२५ ते १.०२६ बघायची. तरंगत्या काचेच्या काट्यावर विसंबू नका, माझा काटा दोन वर्षं चुकीचं दाखवत होता.

तुमच्या भागात एक गोष्ट मात्र हाताशी आहे, पावसाचं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, स्लॅब धुऊन निघाला की खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिक ड्रममध्ये भरून ठेवा, आणि कोळसा अन् डीआयमधून काढून वापरा. टिनावरचं घेऊ नका, पत्र्याचं जस्त उतरतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही नको, आतली कॉइल बहुतेक तांब्याची असते. आरओ चालवलात तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जाणारं पाणी निघेल. ते खारपाणाच्या जमिनीत सोडू नका, आधीच सोडियमने चिघळलेली जमीन आणखी बिघडेल. गोठा धुवायला वापरा. आमच्याकडे पाण्याची पातळी इतकी खोल गेली आहे की शेजारचे काका टाकी बघून म्हणाले होते, "एवढ्या पाण्यात तं एखादं झाड जगलं असतं बा." ते मला लागलं होतं. तेव्हापासून वाया जाणारं पाणी मी लिटर-लिटर मोजून कामी लावतो.

आता उन्हाळा. प्रवाळाला २४ ते २७ अंश हवेत. ३० च्या वर काही दिवस राहिलं की त्याच्या अंगातली सूक्ष्म शेवाळं, जी उजेडावर अन्न करून त्याला पोसतात, ती बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८ मध्ये लक्षद्वीपला समुद्र तापला तेव्हा मोठ्या प्रमाणावर हेच झालं होतं. बाहेर ४५ अंश असताना हे कसं सांभाळायचं, ही सगळ्यांना भीती असते. खरं सांगू का, मे महिना आपल्याला तेवढा जड जात नाही. माठ आठवा. हवा कोरडी असली की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर नुसत्या बाष्पीभवनाने पाणी २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. माझ्या टाकीच्या वर दोन छोटे पंखे तिरपे लावलेत, खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे आणि त्याच्या समोरची खिडकी उघडी असते, म्हणजे ओल कोंडत नाही. भर मेमध्ये दुपारी तीनला टाकी २७ वर असते.

आपला खरा वैरी जुलै ते सप्टेंबर आहे, त्यातही पावसाची उघडीप. ३३ अंश, हवेत ८० टक्के ओल, माठातलं पाणीही गार होत नाही अशा दिवसांत पंखे काहीच करू शकत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात माझी टाकी तीन दिवस ३१ वर राहिली आणि लेदर कोरल हे मऊ प्रवाळ आक्रसून मुठीएवढं झालं. मग छोटा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घेतला. तो वर्षातून साठ-सत्तर दिवसच चालतो, पण त्याशिवाय निभत नाही. त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल अशी सोय करा. टाकीसाठी जुन्या धाब्याच्या घराची मधली खोली मिळाली तर दुसरं काही शोधू नका. टिनाखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर येतो तेव्हा हीटर लागतो, तोही आताच घेऊन ठेवा.

पंख्यामुळे पाणी झपाट्याने उडतं, माझं मेमध्ये रोज सहा लिटर. पाणी उडतं, मीठ नाही. १२० लिटरमधले सहा गेले की ३५ ची क्षारता एका दिवसात ३६.८ होते. दोन दिवस विसरलात तर ३९ च्या घरात. म्हणून रोजची भर ही कोऱ्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नव्हे. सुरुवातीला यातच सगळ्यांची गल्लत होते. काचेवर पातळीची खूण करा. लग्नकार्याला बाहेर जायचं तर पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारं, फ्लोट लावलेलं भरणीचं पिंप ठेवता येतं, किंवा घरातल्या माणसाला शिकवून जायचं.

माझं नुकसान इथेच झालं. २०२१ च्या जूनची सुरुवात होती, बागेत झाडांच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावणं सुरू होतं. मोरचूद (म्हणजे तांब्याचा क्षार), चुना, पाणी, तुम्ही नाही तर तुमच्या ओळखीत कोणी संत्र्यावाला असेल त्याला ठाऊक आहे. मी दोन दिवस नागपूरला. धाकट्या भावाने मनापासून टाकीची भर घातली, पण बादली घेतली ती शेडमधली. त्याने ती दोनदा धुतली होती. तळाच्या काठाला निळसर राप तेवढा राहिला होता. मी परत आलो तेव्हा गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडलेल्या. माझी क्लीनर झिंगा, लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली, रोज माझ्या बोटांवर चढून नखं कोरायची, ती कुशीवर पडून फक्त मागचे पाय हलवत होती. मी हात खाली धरला तर एक पांढरी मिशी माझ्या बोटाला लागली. रात्री गेली. मासे मात्र पोहत होते, जणू काही झालंच नाही. तांबं असंच असतं. मासा ते बऱ्यापैकी सोसतो, पण झिंगे, गोगलगायी, प्रवाळ यांना लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांशही भारी पडतात. त्यातून दगड ते शोषून घेतात आणि हळूहळू परत सोडत राहतात. मी चार वेळा मोठं पाणी बदललं, कोळसा घातला, तांबं ओढणारी राळ घातली, शेवटी दगडही बदलले. तीन महिने त्यात मासे सोडून काही टाकलं नाही. भावाला काय बोलणार, वेगळी बादली मीच ठेवायला हवी होती. आता लाल पट्टीच्या दोन पांढऱ्या बादल्या खोलीतच टांगलेल्या असतात. तांब्या-पितळेचा गुंडही त्या पाण्याला लावायचा नाही. कपाशीवर फवारून आलेला माणूस त्या दिवशी टाकीत हात घालत नाही, आंघोळ केली असली तरी. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं झिंग्यांना फार थोड्यात मारतात.

विजेचं बोलायलाच हवं. अवकाळीच्या वादळात तारा तुटल्या की रात्ररात्र वीज येत नाही. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरतो, समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम, ३० ला सव्वासहा. पाणी थांबलं की तो काही तासांत संपायला लागतो. पाणी फिरवणारा पंप जेमतेम १५ वॉट घेतो. १५० एएचच्या बॅटरीवर तो एकटा असेल तर दीड-दोन दिवस निघतात. म्हणून बॅटरीवर तेवढाच जोडा. दिवे नाहीत, चिलर नाही, आणि घरातला टीव्ही तर मुळीच नाही.

दगड, वाळू, पाणी घालून झालं की लगेच मासे सोडू नका. मासा जे टाकतो त्याचा अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू दगडावर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. खाद्याची चिमूट टाकून वाट बघा, टेस्ट किटवर अमोनिया अन् नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच. मग आधी तपकिरी, नंतर हिरवं शेवाळ येईल, त्याने घाबरू नका. दर आठवड्याला १२ ते १५ लिटर पाणी बदललं तर एवढ्या टाकीला स्किमरशिवायही (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) चालतं. निळा-पांढरा एलईडी आठ-नऊ तास पुरे.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. दगडी हाडाचं सगळं प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे हे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, आजही त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रातून काढलेलं असं काही घरी सापडलं तर तीन ते सात वर्षं कैद. दुकानदार 'कोणी विचारत नाही' म्हणेल, तरी घेऊ नका. समुद्रातून तोडलेले जिवंत दगडही (ज्यांवर जिवाणू अन् बारीक जीव वसलेले असतात) नकोत, सिरॅमिकचे दगड चांगलं काम करतात. मी मशरूम, झोअँथिड आणि लेदर एवढेच मऊ प्रवाळ ठेवतो, तेही कोणाच्या तरी टाकीत वाढलेले तुकडे, पावतीसह. झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, त्यातल्या काही जातींची वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते. मासे समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीत पैदा झालेलेच घ्या. क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) केव्हाच जमवली आहे, ते मासे कणखर असतात आणि गोळीचं खाद्य खातात.

माझी जोडी मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या डब्यात बडनेऱ्यापर्यंत मांडीवर आणली. मोठी ती मादी. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच मोठे होतात, मादी गेली की उरलेला नर मादी होतो. फुटक्या माठाचं एक खापर मी कोपऱ्यात टेकवून ठेवलं होतं. मागच्या फेब्रुवारीत त्या खापरावर नारिंगी दाण्यांचा एक पट्टा दिसला, ज्वारीच्या दाण्याहून बारीक. आठ दिवस नर त्यावर परांनी वारा घालत होता, मेलेला दाणा तोंडाने उचलून बाजूला टाकत होता. शेवटी दाणे रुपेरी झाले आणि प्रत्येकात दोन डोळे दिसायला लागले. पिल्लं मला जगवता आली नाहीत. त्यांना सूक्ष्म जिवंत खाद्य लागतं, ते वाढवायला मी आता शिकतो आहे.

पहिल्या वर्षी माझे चिलर सोडून ७० हजारांच्या आसपास गेले. तेवढे एकदम घालू नका. दिवाळीनंतर सुरू करा म्हणजे उन्हाळ्याआधी टाकी स्थिरावेल, एप्रिल-मेमध्ये मासे मागवू नका. त्याआधी एक करा: ज्या खोलीत ठेवायची तिथे तापमापी टांगून आठ दिवस दुपारी तीन आणि रात्री दहाचे आकडे लिहा, वीज किती तास जाते ते लिहा आणि विहिरीच्या पाण्याचा टीडीएस. हे तीन आकडे इथे टाका, मग टाकी किती लिटरची घ्यायची अन् चिलर लागेल का ते मी सांगतो.