किल्ल्याआधी खाडी: समुद्रात कयाक शिकताना

पवना धरणाच्या जलाशयात कयाक, म्हणजे एका-दोघांनी वल्हवायची अरुंद होडी, चालवून झाली, पोहता येते, आता डिसेंबरात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत वल्हवत जायचे आणि त्यासाठी कयाक विकतच घ्यायची, असा तुमचा बेत तुम्ही लिहून कळवलात. बेत छान आहे, फक्त क्रम बदला. किल्ला किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे, तेवढे अंतर तुम्ही सहज कापाल. पण त्याच्या भोवती पाण्याखाली खडक आहेत, प्रवासी होड्यांची ये-जा असते, आणि मध्येच उलटलात तर परत कयाकवर चढता येते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी.

वरून उघडी, नुसती बसायची कयाक भाड्याने घ्या. छातीएवढ्या पाण्यात ती मुद्दाम उलटवा. सरळ केलीत की मध्यावर तिच्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी धरा. इथे बहुतेकांचे पाय कयाकच्या खाली जातात आणि मग कितीही जोर लावला तरी अंग वर येत नाही. आधी पाय मागे, पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवे आणा. पाय मारतच छाती वर ओढा आणि पालथे पडा. पोट मध्यावर आले की कुशीवर वळून आधी कंबर बैठकीत टाका, पाय शेवटी आत घ्या. दमलेले असताना, लाइफ जॅकेट घालून, पाय टेकत नाहीत अशा पाण्यातही हे जमले पाहिजे. हे पवनेतच घोटून घ्या, जॅकेट घातलेला सोबती जवळ ठेवून. त्यासाठी मालवण गाठायची गरज नाही.

मालवणला आलात की पहिले काही दिवस कर्ली नदीच्या खाडीत काढा, देवबागच्या आतल्या बाजूला. मुखाकडे मात्र जाऊ नका. ओहोटीचे पाणी बाहेर धावते, समुद्राची लाट आत येते आणि दोन्ही भिडतात तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ही ओढ फार वाढते. शिकणाऱ्याने भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याची चढ-उतार कमी असते ते दिवस निवडावेत.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. त्या दिवशी उजाडताच निघालात तर चढत्या पाण्याबरोबर आत जाल, सव्वाआठच्या सुमारास पाणी थांबेल आणि सुरुवातीच्या हलक्या ओहोटीबरोबर परत याल. हिशेब ढोबळ आहे, तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता पाहा आणि तिथल्या होडीवाल्यांनाही विचारा.

वाऱ्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण धरणावरून येणारे इथेच फसतात. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगतचे पाणी त्यामुळे आरशासारखे सपाट दिसते, पण तोच वारा तुम्हाला बाहेर लोटत असतो आणि परत येताना तो तोंडावर असतो. म्हणून निघाल्यावर थोडे अंतर गेलात की वळून किनाऱ्याकडे वल्हवून पाहा. जड गेले तर त्या दिवशी पुढे जाऊच नका. दुपारकडे वायव्येचा खारा वारा सुटतो आणि पाणी खवळते, तेव्हा दहाच्या आत किनाऱ्यावर या.

बाकीचे थोडक्यात. वल्हे नुसत्या दंडांनी ओढू नका, कमरेपासून धड वळवा, नाहीतर खांदे भरून येतील. जॅकेट अंगात हवे आणि त्याला शिट्टी बांधलेली हवी. पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत असतील तर दोरांपासून लांबून जा. तो त्यांच्या पोटापाण्याचा वेळ आहे. उलटलात तर कयाक सोडू नका, माणसापेक्षा ती लांबून दिसते. फोन जलरोधक पिशवीत ठेवा, तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक त्यात साठवा आणि परतायची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून ठेवा.

खरेदी एवढ्यात नको. समुद्राची बंद कयाक चौदा ते सतरा फूट लांब आणि अरुंद असते. ती सरळ छान जाते, पण उलटल्यावर स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती बांधून बैठकीच्या तोंडावर ताणलेले आवरण) सोडवून बाहेर पडणे आणि आतले पाणी उपसणे आधी प्रशिक्षकाकडून शिकावे लागते. एक हंगाम भाड्याच्या कयाकवर काढा. किल्ल्याला सोबतीला जाणकार घेऊन, दोन कयाकनी जा. त्यातही भरतीची वेळ धरा, म्हणजे खडकांवर पुरेसे पाणी असेल.