राष्ट्रीय शोकांतिकेच्या दिवशी आपण कुठे होतो, हे वर्षानुवर्षं इतकं स्पष्ट कसं आठवतं?
मोठ्या धक्क्याच्या क्षणाची आठवण मेंदू पक्की करतो, आणि तो प्रसंग आपण पुढे कितीदा तरी सांगत राहतो. पण स्पष्ट आठवतं म्हणजे तसंच घडलं, असं नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेच नष्ट झालं. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. काही वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची उत्तरं पार बदललेली. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद पाहूनही त्यांची मूळ आठवण परतली नाही! मला हेच फार अस्वस्थ करतं. तेव्हा कुणाची आठवण चुकली तर त्याला खोटारडा ठरवू नका.