केनियाला निघण्याआधी

प्रिय लेकी,

सलाम.

केनियातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, तुम्ही तीन आठवडे सेवेला चाललात, त्यासाठी सामानाची यादी तू मागितलीस. ती देतो. पण तुझ्या चिठ्ठीच्या शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे: "तिथे माझा विश्वास वाढेल ना?" मला जास्त लिहायचंय ते तिच्यावर. आधी कागद उरकू, कारण कागद चुकला तर सगळा प्रवास मुंबईच्या विमानतळावरच संपतो.

पासपोर्टवर नाव जसं आहे, अक्षर न् अक्षर तसंच तिकिटावर, केनियाच्या ऑनलाइन परवान्यावर (त्याला ईटीए म्हणतात), लसीच्या दाखल्यावर आणि मंडळीच्या शिफारसपत्रावर हवं. आपल्या भागात घोळ होतो तो इथेच. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरं, आणि कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत उतरवताना आडनावाचं एखादं अक्षर बदललेलं. जन्मगाव जुन्या कागदांवर 'बेलगाम' आणि नव्यांवर 'बेळगावी' असेल, कारण सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. त्यानं सहसा अडत नाही. माणसाच्या नावानं अडतं. पाळकसाहेब प्रेमानं बाप्तिस्म्याचं नाव घालतात, म्हणून पासपोर्टची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवूनच पत्र मागायचं. पासपोर्टची मुदत तिथे पोहोचल्यापासून निदान सहा महिने शिल्लक हवी.

परवान्याच्या अर्जात 'कशासाठी' या रकान्यात खरं लिही. मंडळीत सेवा करायला जाऊन 'पर्यटन' लिहायला सांगणारे भेटतात. यजमान मंडळीला लेखी विचारा, तुमच्या कामाला वेगळा पास लागतो का. सुवार्तेच्या प्रवासाची पहिली ओळच खोटी असावी, हे मला पटत नाही.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस अधिकृत केंद्रातच मिळते. आपल्याला गोव्यातलं मुरगाव बंदराचं केंद्र जवळ. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून ठरलेल्या दिवशीच लस देतात. आधी फोन करून जा. दाखला लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो. तो नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, आणि बरेच जण घरी पोहोचल्या दिवशीच डबी बाजूला ठेवतात.

चिवडा कॅरिबॅगमध्ये बांधू नकोस. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. स्टीलचा डबा ने. यजमानांना कुंदा न्यायचा मोह होईल, पण दुधाचा पदार्थ उन्हात टिकत नाही. गोकाकचा करदंट ने, डिंक-गुळाचा असल्यानं प्रवासात खराब होत नाही. सामानाचं एवढंच.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून जा: देव तिथे तुझ्याबरोबर पहिल्यांदा जात नाहीये. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं, केनियातल्या मोंबासाला जर्मन मिशनरी योहान क्राप्फ १८४४ मध्ये उतरले. काळाचं फार अंतर नाही. आज केनियातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. आणि आपल्या मराठी मुलखातून तिकडे गेलेली तू पहिली नव्हेस. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली, आणि त्यांतले कित्येक जण पुढे मोंबासाकडे परतले. १८७४-७५ च्या सुमारास मोंबासाजवळ 'फ्रेरे टाउन' वसलं, त्याची घडी बसवण्यात या नाशिकच्या मंडळींचा मोठा हात होता. इतिहासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. हे वाचून गेलीस तर 'त्यांना काहीतरी द्यायला चाललोय' ही ऐट आपोआप उतरेल.

भाषेचं ओझं घेऊ नकोस. चाय, चपाती, गारी (गाडी), दुका (दुकान): तिथल्या स्वाहिली भाषेत ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतील. उपासनेत कुणी 'ब्वाना असिफिवे' म्हणालं की त्याचा अर्थ 'प्रभूची स्तुती असो', 'आमेन' म्हणायचं. फसवतं ते घड्याळ. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा न्ने' म्हणजे शब्दशः चौथा तास, आणि सकाळचा चौथा तास म्हणजे आपले दहा. प्रार्थनासभा 'चारला' म्हणून दुपारी पोहोचलात तर मंडळी घरी गेलेली असतील. वेळ ठरवताना 'सकाळी की दुपारी' आणि 'इंग्रजी घड्याळानं किती' हे दोन्ही विचारून घ्या.

दुभाष्याबरोबर बोलायची कला मात्र तुला इतरांहून लवकर येईल. एकाच आवारात मराठी आणि कन्नड उपासना पाहत तू वाढलीस. न कळणारं लांबलचक वाक्य ऐकताना मागच्या बाकावरची म्हातारी कशी चुळबुळते, हे तू पाहिलंयस. तेच तिथे ध्यानात ठेव. सात-आठ शब्दांचं पुरतं वाक्य बोल, थांब. अर्ध्यावर थांबलीस तर दुभाषा अंदाजानं पुरं करतो, आणि तुझ्या तोंडी भलतंच जातं. म्हणी, कोट्या, विनोद गाळ. दहा मिनिटं दिली असतील तर पाचच मिनिटांचं तयार कर, उरलेली पाच दुभाष्याची. अर्धा तास आधी त्याच्याबरोबर बसून वचनं आणि आकडे दाखव. बोलताना बघायचं लोकांकडे, दुभाष्याकडे नव्हे.

आता तुझी ती ओळ.

शंभर पानांची साधी वही घे. रोज रात्री मोबाइल हातात घेण्याआधी दहा मिनिटं लिही. डाव्या पानावर फक्त घडलेलं: जागा, वेळ, कोण काय म्हणालं, काय खाल्लं. उजव्या पानावर आत काय झालं ते. उजव्या पानावर त्याच रात्री 'देव मला म्हणाला' असं लिहू नकोस. 'मला असं वाटलं' लिही आणि तीन दिवसांनी परत वाच. तेव्हाही तितकंच खरं वाटलं तर खाली तारीख घाल. न वाटलं तर खोडू नकोस, तसंच राहू दे. परत आल्यावर ही खोडाखोड न केलेली पानंच तुला सांगतील की कुठे गाण्यानं अंगावर काटा आला होता आणि कुठे खरंच काही हललं होतं. दोन्ही चांगलं, पण त्यांत गल्लत करून आयुष्याचे निर्णय घेणारे पुष्कळ.

पहिले दोन-तीन दिवस तू हवेत असशील. टाळ्या, ढोल, शंभर माणसं एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करतायत, अनोळखी आजी तुझ्या डोक्यावर हात ठेवून रडतेय. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं फिकं पडतं. प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात, बरोबरच्यांचा राग येतो, पवित्र शास्त्र उघडलं की ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. पुष्कळ मुलं इथे घाबरतात: माझा विश्वास खोटाच होता की काय? अशा वेळी आधी हिशेब कर, काल किती तास झोपलीस, किती पाणी प्यालीस, पोट कसं आहे. जुलाब होत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, आणि घोट घोट पी. सात तास झोप. त्यानंतरही मन कोरडंच राहिलं तर त्या कोरडेपणाबद्दल देवाशी बोल, वहीत लिही. दमलेल्या शरीराला अविश्वासाचं नाव देणं हा मिशन प्रवासातला सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे. उलटही होतंच: न झोपलेल्या रात्रीनंतरची थरथर म्हणजे पाचारण, देवाचं बोलावणं, असं समजणं.

पाचारणाबद्दल एकच नियम पाळ. तिथे कुणी विचारलं, "आयुष्य मिशनला देणार का?" आणि हात वर करावासा वाटला, तर कर. पण घरी फोन करून कॉलेज सोडतेय असं सांगू नकोस. परत येऊन तीन महिने जाऊ दे. पाळकसाहेबांना सांग, घरच्यांना सांग, संडे स्कूलचा एक वर्ग त्या तीन महिन्यांत नेमानं घे. खानापूरच्या पावसात, रविवारी सकाळी नऊला, बारा पोरं आणि एक फुटका फळा असतानाही ते पाचारण जागं राहिलं, तर मग पुढचं बोलू.

आणखी एक दुखणं परतल्यावर डोकं वर काढतं. तिथली उपासना तीन तासांची, नाचून गाऊन. आपली दीड तासाची, छापील क्रमानं, पेटीवर कवी ना. वा. टिळकांची भजनं. पहिल्याच रविवारी तुला वाटेल, आपली मंडळी मेलेली आहे. तरुण संघात दोघी-तिघी मान डोलावतील आणि महिन्याभरात एक गट फुटून निघेल. म्हणून सहा आठवडे तुलना तोंडातून काढू नकोस. त्या सहा आठवड्यांत एक कर: भजनाचं पुस्तक न बघता जी आजी सगळी कडवी म्हणते, तिच्या शेजारी बस आणि ते भजन तिला पहिल्यांदा कधी खरं वाटलं ते विचार.

फोटोंचं थोडक्यात. मुलांचा फोटो आईबापाच्या परवानगीशिवाय नाही, आजाऱ्याचा मुळीच नाही, प्रार्थना चालू असताना फोन पिशवीत. पैशांचं थोडं सविस्तर. कुणी फी मागेल, कुणी औषधाला मागेल, आणि मागणं खरंही असेल. हातात रोख देऊ नकोस. तू विमानात बसलीस की ज्याला मिळालं नाही त्याचं आणि ज्याला मिळालं त्याचं भांडण मागे राहतं, ते निस्तरावं लागतं तिथल्या पाळकांना. द्यायचं ते यजमान मंडळीच्या खजिनदाराकडे, पावती घेऊन. आणि 'पुढच्या वर्षी नक्की येईन' असं कुणाही मुलाला सांगू नकोस. तू विसरशील, ते मूल विसरणार नाही.

परत आल्यावर साक्ष द्यायला, म्हणजे मंडळीपुढे आपला अनुभव सांगायला, उभं करतील. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दोघं दोघं पाठवलेले शिष्य आनंदानं परत येऊन काय काय झालं ते सांगतात, तेव्हा येशू त्यांच्या आनंदाची दिशाच बदलतो. आदल्या दिवशी तो भाग वाच. साक्ष पाच मिनिटांची ठेव, म्हणजे लिहून काढलीस तर साधारण साडेपाचशे शब्द. एक जागा, एक माणूस, आणि तुझी स्वतःची एक चूक, एवढं पुरे. 'किती गरीब, तरी किती आनंदी' हे वाक्य गाळ. हसून पाहुणचार करणाऱ्याला दुःख नसतं असं थोडंच आहे? किती जणांनी हात वर केले तो आकडाही नको. त्या हातांचं पुढे काय झालं ते तिथल्या मंडळीला ठाऊक, आपल्याला नाही.

साक्षीआधी हिशेब लाव. आपल्या मंडळीच्या हंगामाच्या सणात अर्पणाच्या पिकाचा लिलाव होतो, त्यात कुणी भोपळा दुप्पट किमतीला घेतला असेल, तो तुझ्या तिकिटासाठी. पंधरा दिवसांत जमाखर्चाचा कागद मंडळीच्या फलकावर लागलाच पाहिजे, उरलेल्या रुपयांसकट.

आणि परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर घरगुती काढ्यावर वेळ घालवू नकोस. दवाखान्यात गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच, "मी आफ्रिकेतून आलेय," आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घे. आईला हे आत्ताच सांगून ठेव, तापात तुला सुचायचं नाही. पासपोर्टची एक झेरॉक्सही तिच्याकडे ठेव.

तुझा,
काका