महापालिकेला भरलेल्या टॅक्सचा पैसा नक्की जातो कुठे, आणि आपण त्याचा जाब विचारू शकतो का?

तुम्ही विचारलंय की घरपट्टी दरवर्षी वेळेवर भरतो, मग पैसा जातो कुठे, आणि आता महापालिकांच्या निवडणुका झाल्यात तर कारभार सुधारेल का. माझं मत आधीच सांगते, नुसत्या निवडणुकीने सुधारेल असं मला वाटत नाही. मी तज्ज्ञ वगैरे नाही, राज्यातल्या एका शहरात बावीस वर्षं राहतेय, आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, आणि एका फूटपाथमुळे या सगळ्यात पडले.

आमच्या गल्लीतला फूटपाथ चांगला होता. म्हणजे दोनचार ठिकाणी ब्लॉक हलले होते, पण चालता येत होतं. एका फेब्रुवारीत माणसं आली, सगळे पेव्हर ब्लॉक उखडले, नवीन टाकले, आणि त्यानंतर दोन वर्षं पण झाली नाहीत तर परत तेच, परत फेब्रुवारी, परत खोदाई. साइटवरच्या माणसाला विचारलं का करताय तर म्हणाला मॅडम मार्चच्या आत बिल टाकायचंय. आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं झाकण खचलेलं, त्यासाठी आम्ही पाच अर्ज दिलेले, तिथे मात्र तरतूद नाही! माझ्या सासूबाई तिथेच पडल्या, मनगट मोडलं. त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही.

आधी मी पण तुमच्यासारखीच बजेटचे आकडे बघत बसायचे. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं होतं, काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं. पण बजेट म्हणजे अंदाज असतो हो, खर्च नव्हे. बजेटच्या पुस्तकात आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च दिलेला असतो, तो रकाना बघा आणि त्या वर्षी काय जाहीर केलं होतं ते शेजारी ठेवा, निम्म्या घोषणा तिथेच गळतात. आणि तो आकडा सुद्धा अर्धवटच, कारण काम खरंच किती झालं हे बजेटमध्ये कुठेच नसतं, ते असतं मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे एमबी म्हणतात. जेईने, म्हणजे महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याने, जागेवर जाऊन मोजून लिहायचं आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघायचं, अशी पद्धत आहे. माझ्या मते सगळा खेळ या एका वहीत आहे आणि ती वही कुणी मागतच नाही.

आम्ही मागितली. माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, तीस दिवसांत काही आलं नाही, मग पहिलं अपील केलं तेव्हा कुठे फाइल बघायला बोलावलं. शेजारचे काका ओव्हरसीअर म्हणून रिटायर झालेत, त्यांना बरोबर घेऊन गेले, मला एकटीला त्यातलं काही कळलं नसतं. एमबीत लांबी लिहिलेली 240 मीटर. घरी येऊन आम्ही दोघांनी टेप लावून मोजली तर 165. दुसऱ्यांदा ब्लॉक बदलले तेव्हा आधीच्या कामाचा दोषदायित्व कालावधी चालू होता, म्हणजे काही खराब झालंच असेल तर जुन्या ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायला पाहिजे होतं, त्याऐवजी नवीन वर्क ऑर्डर, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, निघाली. आपल्या पैशातून एकाच फूटपाथचे दोनदा पैसे गेले आणि ते पण नसलेल्या 75 मीटरसकट.

हे एका गल्लीचं झालं. मोठ्या कामांत वेगळं असतं असं समजू नका. कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, मुंबई महापालिकेच्या 2019 ते 2022 मधल्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांची तपासणी केली, तो अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत ठेवला गेला. सुमारे 214 कोटींची 20 कामं निविदा न काढता दिलेली. 64 कामांमध्ये ठेकेदाराबरोबर करारच केलेला नव्हता, आणि ती कामं साधारण 4,755 कोटींची! करार नाही तर उद्या काम बिघडल्यावर त्याला कशाच्या जोरावर पकडणार? आणि हे मुंबईचं, जिथे पत्रकार आहेत, कोर्ट आहे, जागरूक संस्था आहेत. आमच्यासारख्या शहरात कोण बघतंय.

निवडणुकीचं म्हणाल तर निवडणुका लांबल्यामुळे नगरसेवकच नसणं वाईटच होतं. मुंबई पुण्यात मार्च 2022 पासून प्रशासक, नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरला तर 2020 पासून, म्हणजे आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि आयुक्तच मंजूर करणार. जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांचं मतदान झालं, बरं झालं. पण आमच्या फूटपाथचं पहिलं काम झालं तेव्हा नगरसेवक होते, उद्घाटनाचा बोर्ड पण लागला होता, आणि दुसरं झालं तेव्हा प्रशासक होते. दोन्ही वेळेला टेप कुणीच लावली नाही. म्हणून म्हणते की माणसं बदलून काही होत नाही जोपर्यंत वही उघडत नाही.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर अख्ख्या शहराचं नका घेऊ, घरासमोरचं एक काम घ्या. वर्क ऑर्डर, एमबी, अंतिम बिल आणि दोषदायित्व कधी संपतं ते, एवढंच मागा. 2018 चा शासन निर्णय आहे की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फाइली बघू द्यायच्या, पुणे महापालिकेत तर ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती, तो निर्णय प्रिंट काढून बरोबर ठेवा कारण काउंटरवर बऱ्याचदा असं काही नसतं म्हणून सांगतात. आणि कुणाला दुखापत झाली तर गप्प बसू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर 6 लाख, जखमी झालं तर 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची, आणि ती जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करायची. मला या निकालात हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एरवी भरपाई पण आपल्याच टॅक्समधून जाते.

आमच्या 75 मीटरचा अर्ज सध्या महापालिकेचे हिशेब तपासणाऱ्या मुख्य लेखापरीक्षकांकडे आहे, वसूलपात्र रक्कम म्हणून नोंद करा अशी मागणी केलीय, सोबत टेप लावलेले फोटो जोडलेत. दोन स्मरणपत्रं गेली. तिसरं या सोमवारी स्वतः नेऊन देणार आहे आणि पोच घेऊनच परत येणार.