पिटुनिया फुलून राहिला, आता मोगऱ्याचं पाहा

ताई, फोटो पाहिला, पिटुनिया मस्त फुललाय पण खालच्या सुकलेल्या फुलांत बी धरून राहिलं नं, ते देठासकट खुडा, नुसती पाकळी ओढून होत नाही, मागची हिरवी गाठ राहिली की झाड बी बनवण्यातच दमते. पँझी फेब्रुवारीपर्यंत, मग ऊन लागलं की संपली समजा, आपल्या नागपुरात वसंत म्हणजे उन्हाळ्याची ट्रेलरच.

म्हणून आत्तापासून मोगऱ्याकडे लक्ष द्या. जानेवारीअखेर पाणी आठ-दहा दिवस कमी करा, मग छाटणी, जुनी पानं काढायची, वरची माती उकरून दोन मुठी शेणखत, आणि मग भरपूर पाणी. मी पहिल्या वर्षी भीतीपोटी फक्त शेंडे कापले तर नुसती पानंच पानं बाप्पा!

शेवंती फेकू नका, फुलं गेली की चारेक इंच ठेवून कापा, बुडातून पिल्लं फुटतात, ती सावलीत जगवायची. रिकाम्या कुंड्यांत चिनी गुलाब आणि सदाफुली लावा, ४५ डिग्रीतही तग धरतात. नुसती काळी माती भरू नका बरं, दगडासारखी होते, रेती मिसळा. ग्रीन नेट मार्चमध्येच बांधून टाका, एप्रिलमध्ये गच्चीवर चढवत नाही.