कमी खर्चात स्वयंसेवकांची संकटकालीन हेल्पलाइन कशी सुरू करावी?

चोवीस तासांचा हट्ट आधी सोडा. रोज संध्याकाळी 6 ते 10 एवढीच वेळ ठेवा, पण ती एकही दिवस चुकवू नका. खचलेल्या माणसाला न उचललेला फोन म्हणजे आणखी एक नकार वाटतो. पाळीला दोघे, प्रत्येकाची आठवड्यातून एकच पाळी, म्हणजे आठवड्याला 14 जण. सुट्ट्या, आजारपण धरून 20 तयार ठेवा.

स्वयंसेवकांचे खासगी नंबर कुणालाही देऊ नका. इंटरनेटवरून चालणारा एकच नंबर घ्या, तो पाळीवरच्याकडे वळवा, 4 रिंगनंतर दुसऱ्याकडे. हमखास घोळ होतो तो इथेच: दुसऱ्याकडे जाण्याआधीच कॉल पहिल्याच्या व्हॉइसमेलमध्ये अडकतो. सगळ्यांच्या फोनवरचा व्हॉइसमेल बंद करून घ्या.

प्रशिक्षणात ‘आत्महत्येचा विचार मनात येतोय का?’ हे थेट, मोठ्याने विचारायचा सराव करून घ्याच. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.