विनिपेगचा बर्फाळ हिवाळा आवडेल की नकोसा होईल?

पुण्याहून कॅनडातल्या विनिपेग शहरात जाणाऱ्याने हे विचारलंय. खरं सांगायचं तर आवडनिवड निम्मी कपड्यांवर ठरते. जानेवारीत रात्री उणे २० नेहमीचं, कधी उणे ३०. त्या थंडीत बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो. पाय भिजवतो तो शून्याच्या आसपासचा चिखलबर्फ, मार्च-एप्रिलमधला. वैताग खरा तेव्हाचा.

अंगालगत सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच ओलावा गारठवतो. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापड), वर वारा अडवणारं जॅकेट. बूट अर्धा नंबर मोठे घ्या. दोन जाड मोज्यांनी बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. बोटं सुटी ठेवणाऱ्या हातमोज्यांपेक्षा मिटन (चारही बोटं एकाच खणात राहतात तो मोजा) उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात.

गाडी असेल तर ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, हवाच. उणे १५ च्या खाली गेलं की निघण्याआधी तीन-चार तास प्लग लावा, रात्रभर लावून वीज जाळायची गरज नाही. काच धुण्याचं द्रावण उणे ४० चं भरा, उन्हाळ्यातलं नळीतच गोठतं. एवढ्या थंडीत मिठाने रस्त्यावरचा बर्फ फारसा वितळत नाही, म्हणून तिथे वाळू टाकतात. तेव्हा ब्रेक लवकर आणि हलके दाबा.

उणे २५ ला ऊन मात्र लख्ख पडतं. आभाळ भरलेला, ओला हिवाळा ज्यांना सोसत नाही, त्यांना हे शहर बरं वाटतं.